नेणीव, मुक्काम पोस्ट आंजी

वर्ध्याला मी गेले ती भांडायला. लोक तिकडे आश्रम बघायला जातात, सूत काततात, शांत होऊन परत येतात. मी दोन साड्या, एक शाल आणि भांडणाचे चौदा कागद घेऊन गेले. बोलावणारा माझा जुना वर्गमित्र विलास, वर्ध्याजवळच्या एका वैद्यकीय महाविद्यालयात मनोविकार शिकवतो. त्याचं पत्र असं होतं: "सुलभा, विद्यार्थ्यांपुढे वाद ठेवलाय. मनोविश्लेषण आजच्या काळात उपयोगी आहे का? 'नाही' म्हणायला मी आहे. 'हो' म्हणणारं माणूस नागपूरपर्यंत शोधलं, मिळेना. तू अजून जिवंत आहेस ना?"

नव्वदचं दशक संपत आलं होतं तेव्हाची ही गोष्ट. नव्या गोळ्या आल्या होत्या, आणि त्या घेतल्या की माणूस महिना-दीड महिन्यात हसायला लागतो असं सगळे सांगत होते. मी पुण्यात आपली दिवाण टाकून बसलेली. ज्यांना आमचा उद्योग ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. पेशंट दिवाणावर उताणा पडतो, मी त्याच्या डोक्यामागे खुर्ची घेऊन बसते, त्याला दिसणार नाही अशी. त्यानं मनात येईल ते बोलायचं, मी अधूनमधून "हं" म्हणायचं. माणूस स्वतःपासूनच जे लपवतो ते मनाच्या तळघरात, आमच्या भाषेत नेणिवेत, जाऊन बसतं आणि आजार होऊन वर येतं, असं आमचं म्हणणं. ते हळूहळू बाहेर काढायचं. त्याला वर्षं लागतात. विलास म्हणतो, तेवढ्या वर्षांत माणूस आपोआपही बरा होतो.

वर्धा

स्टेशनवर विलास स्कूटर घेऊन हजर. केस गेले होते, आगाऊपणा तसाच होता. त्यानं मला थेट एका टपरीवर नेलं. पोह्यांवर लालभडक तर्री ओतत टपरीवाल्यानं विचारलं, "मॅडम, सांभार टाकू का?"

मी म्हटलं, "नको रे बाबा. पोह्यांवर कुणी सांबार घेतं का?"

टपरीवाला कोथिंबिरीची चिमूट हातात धरून माझ्याकडे बघतच राहिला. इकडे कोथिंबिरीलाच सांभार म्हणतात. विलास इतका हसला की त्याला ठसका लागला, आणि मला फार बरं वाटलं.

ठसका ओसरल्यावर तो म्हणाला, "वाद चौथ्या दिवशी आहे. तोवर रिकामी बसून काय करशील? एक पेशंट देतो. आंजीला नामदेवराव म्हणून भांड्यांचे दुकानदार आहेत. तीन महिन्यांपासून आवाज गेलाय, नुसते कुजबुजतात. घसा तपासला, ठणठणीत. मी गोळ्या दिल्या. झोप सुधारली, आवाज आला नाही. तुमच्या लोकांचा लाडका आजार आहे, घे."

"चार दिवसांत? मला चार वर्षं लागतात!"

"त्यांच्याकडे पाचच दिवस आहेत," विलास म्हणाला, आणि आता तो हसत नव्हता. "बायको घर सोडून चाललीय, गिरजाबाई. त्यांना कमी ऐकू येतं. हे कुजबुजतात ते त्यांच्यापर्यंत पोचत नाही. नवऱ्यानं अबोला धरलाय असं त्या म्हणतात. बाजाराच्या दिवशी मुलगा अमरावतीहून जीप घेऊन येणार आणि त्यांना कायमचं घेऊन जाणार. म्हातारा खचलाय गं."

पुणेरी माणसाला कुणी "जमणार नाही तुला" अशा नजरेनं बघितलं की त्याचं डोकं फिरतं. मी हो म्हणून बसले.

आंजी, पहिला दिवस

आर्वी रस्त्यानं जाताना दोन्हीकडे कापूस. वेचणीवाल्या बायका कमरेला कापसाची झोळी, इकडचा ओटा, बांधून ओळीनं पुढे सरकत होत्या, कडेला तुरी पिवळ्या झाल्या होत्या. थंडी अशी कोरडी की ओठ फुटले. पुण्याची थंडी निदान सांगून येते, इथली सकाळी कानशिलात मारते आणि दुपारी घाम काढते.

विलासनं मला नामदेवरावांच्या शेजारी गजभिये गुरुजींच्या घरी सोडलं. गुरुजी शाळेतून निवृत्त झालेले, घरभर पुस्तकं, आणि प्रत्येक वाक्याआधी चष्मा पुसायची सवय. माझं जेवणखाण त्यांच्याकडे. ते मला शेजारी घेऊन गेले.

पुढे दुकान, मागे घर. गिरजाबाई दारातच भेटल्या. ठेंगण्या, ताठ, नऊवारीचा पदर घट्ट खोचलेला. खोलीच्या कोपऱ्यात पत्र्याची पेटी कुलूप लावून तयार होती.

"तुम्ही डाक्टरीण का? पाहा बाप्पा तुमीच," त्या घरभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. "तीन महिने झाले, माणूस बोलत नाई माह्याशी. मंग इथं राहून मी काय भांडे मोजू? मी जातो पोराकडे."

"कोण जातो?" मी चमकून मागे बघितलं. गुरुजींनी चष्मा पुसून समजावलं, की इकडे बायकासुद्धा स्वतःबद्दल "मी जातो, मी येतो" असंच बोलतात. मी वहीत लिहून घेतलं. भाषेचं सगळं आपल्याला आता कळलं, असं मला उगाच वाटून गेलं.

नामदेवराव आले. सत्तरीला टेकलेले, अंगानं आडवेतिडवे, मिशा भरघोस. अशा माणसाच्या तोंडून मांजरीच्या पावलासारखा आवाज आला, "या जी, मॅडम." मला गलबलून आलं.

मागच्या खोलीत सुतळीची बाज होती. मी म्हटलं, "आडवे व्हा." ते बसले. मी उशीमागे स्टूल ओढून बसले, तर ते उठून उभे राहिले.

"पाव्हना बसून राह्यला अन् मी झोपू?" ते कुजबुजले. "असं कसं करता जी?"

पुण्यात पेशंट सांगायच्या आधी चप्पल काढून आडवा होतो. इथं मला पाऊण तास नुसतं झोपवायलाच लागला. झोपले की मान वळवून मागे बघायचे, मी "हं" म्हटलं की "काय म्हटलं जी?" विचारायचे. त्या दिवशी मला पितळ आणि स्टीलमधला फरक तेवढा कळला. पितळेचा हंडा पोटातून बोलतो, स्टीलचा डोक्यातून.

दुसरा दिवस

दुसऱ्या दिवशी ते शहाण्यासारखे आडवे झाले. दुकानात कुणीतरी हंडे वाजवून पाहत होतं, भिंतीवर हार घातलेला एका म्हातारीचा फोटो होता. मग छताकडे बघत ते कुजबुजले, "बुढीले म्या मर म्हटलं."

माझ्या अंगावर काटा आला. पण मी काय म्हटलं? "हं."

"मरत काऊन नाई एकडावची, असं म्हटलं. तोंडातून निंगून गेलं जी. अन् मंग ते खरंच..." त्यांनी डोळे मिटले. "रोज माफी मांगतो मी तिले. रोज. पन तिले काई आइकू येत नाई."

मी फोटोकडे पाहिलं, फोटोतल्या म्हातारीनं माझ्याकडे पाहिलं, आणि मला सगळं लख्ख दिसलं. आई! रागाच्या भरात आईला "मर" म्हणालेला मुलगा, मेलेली आई, आणि तिला दुखावणाऱ्या आवाजालाच मनानं दिलेली शिक्षा. आमच्या शास्त्राच्या मूळपुरुषांनी शंभर वर्षांपूर्वी परदेशात बसून मांडलेला सिद्धांत आंजीला बाजेवर पडला होता. आनंदानं मला स्टुलावर बसवेना. हे केव्हा घडलं, वय काय होतं, मी काहीही विचारलं नाही. आम्ही विचारत नसतो. आम्ही वाट बघतो.

दुपारी गुरुजींच्या घरी पाटोडीचा, म्हणजे बेसनाच्या वड्यांचा, रस्सा होता. पहिल्या घासाला डोळ्यांतून पाणी, दुसऱ्याला नाकातून. गुरुजींना वाटलं मी पेशंटच्या दुःखानं रडतेय.

"काई निंगालं का मॅडम, आतून?" त्यांनी हळूच विचारलं.

"सांगता येत नाही गुरुजी. पेशंटचं गुपित असतं," मी नाक पुसत म्हटलं.

"मंग नका सांगू," असं म्हणून त्यांनी माझ्या ताटात आणखी एक पाटोडी सोडली. त्यांच्या मिशीत हसू होतं, पण माझं सगळं लक्ष पाण्याच्या तांब्याकडे.

तिसरा दिवस

आज अर्थ सांगायचा, असं मी ठरवून गेले. खिडकीतून ऊन नेमकं माझ्या डोळ्यांवर येत होतं, म्हणून बाज फिरवून घेतली. नामदेवरावांनी बाजेकडे, मग दाराकडे, मग माझ्याकडे पाहिलं. "असी ठेवाची?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "अशीच." डाक्टरीण म्हणते म्हणून ते बिचारे आडवे झाले. त्यांचे पाय आता दक्षिणेकडे होते. मला दिशा पुण्यातही कळत नाहीत.

मी हळू, जड आवाजात सुरुवात केली. "नामदेवराव, लहान मूल रागावतं, आईला मर म्हणतं. मग आई जाते. मुलाला वाटतं, माझ्या बोलण्यानंच गेली. ते मूल अजून तुमच्या आत घाबरून गप्प बसलंय. तिनं तुम्हाला केव्हाच माफ केलंय."

मग त्यांच्या कानांकडे पाण्याची धार ओघळली. ओठ हलले, ऐकू येईना. मी स्टुलावरून वाकले, आणखी वाकले, कान पार त्यांच्या तोंडाशी नेला. एवढ्यात दारात आलेल्या शेजारणीनं हे चित्र पाहिलं. पाय दक्षिणेला, डोळ्यांतून पाणी, ओठ थरथरतायत, आणि शहरातली डाक्टरीण उशाशी बसून शेवटचे शब्द ऐकतेय.

"अवं माय वं! नामदेवभाऊ चालले वं!"

मी "नाही नाही" म्हणेपर्यंत खोलीत वीसेक माणसं. कुणी खिडकी उघडली, कुणी देवाचं नाव घ्यायला लागलं, कुणी मला म्हणालं, "जाताना त्रास नाई झाला ना जी?" नामदेवराव उठायला गेले तर दोघांनी "पडून राहा, पडून राहा" म्हणत त्यांना खाली दाबलं. ते जीव तोडून काहीतरी सांगत होते, पण कुजबुजणाऱ्या माणसाचं त्या गोंगाटात कोण ऐकतंय?

गर्दी फाडून गिरजाबाई आल्या. हातात गंगाजळाची गडवी आणि तुळशीचं पान. चेहरा पांढराफटक. त्यांनी नवऱ्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि अर्धी गडवी तोंडात रिकामी केली.

नामदेवरावांना ठसका लागला, डोळे बाहेर आले. दोघांना झटकून ते ताडकन उठून बसले आणि पुढच्या दुकानातली भांडी झणझणतील अशा आवाजात ओरडले, "अवं बुढे! जित्या माणसाले मारून टाकतं का वं!"

मग ती शेजारीण म्हणाली, "बोलले!" आणि सगळी खोली एकदम बोलायला लागली. गिरजाबाई तिथंच भुईवर बसून हसता हसता रडायला लागल्या. नामदेवराव आपला घसा चाचपत होते. मी मात्र भिंतीला टेकून उभी होते, कारण मला एकच शब्द ऐकू आला होता. बुढे. बायकोला.

"गुरुजी," मी बाहेर आल्यावर विचारलं, "बुढी म्हणजे आई ना?"

गुरुजींनी चष्मा पुसला. "पोरगं म्हणत असंल तं आई. म्हातारा म्हणत असंल तं बायको. नामदेवभाऊची माय तं ते सा महिन्याचे होते तवाच गेली. फोटो त्यायच्या सासूचा हाय, वैनीच्या मायचा."

मग त्यांनी सगळं सांगितलं. तीन महिन्यांमागे बाजाराच्या दिवशी गिरजाबाईंच्या हातून डब्यांची उतरंड कोसळली. नामदेवराव भर गिऱ्हाइकांत ओरडले, "मरत काऊन नाई एकडावची!" आठवड्यातच बाईंना न्यूमोनिया झाला, वर्ध्याला दवाखान्यात ठेवलं, जाते की राहते असं झालं. ज्या दिवशी ठेवलं त्याच दिवशी यांचा आवाज गेला.

"हे तुम्हाला माहीत होतं?"

"साऱ्या बाजाराले मालूम होतं, मॅडम. नामदेवभाऊले तेवढं ते मर म्हननं अन् आवाज जानं एकमेकाले जोडता येत नोतं. अन् तुमी डाक्टर लोकायनं कोनाले इच्यारलंच नाई."

मी आयुष्यभर ज्या नेणिवेच्या मागे धावले, ती आंजीच्या आठवडी बाजारात सगळ्यांना तोंडपाठ होती. मला इतकी लाज वाटली की त्या दिवशी रस्साही तिखट लागला नाही.

वर्धा, चौथा दिवस

वादाला सभागृह भरलं होतं. विलास छान बोलला, मेल्याला तक्ते काढायची हौस. एका पेशंटला चार वर्षं, तर या एका जिल्ह्याला किती शतकं लागतील? सिद्धांत खरा की खोटा हे पडताळायचं कसं? मुलं टाळ्या वाजवत होती.

माझे चौदा कागद मी पिशवीतून काढलेच नाहीत. आंजीची गोष्ट सांगितली. नामदेवरावांची परवानगी घेतली होती. ते म्हणाले होते, "माइकवर सांगा जी." 'बुढी'पाशी सभागृह हसून कोसळलं. पुढच्या रांगेतली एक मुलगी उठली. "मॅडम, आवाज मनोविश्लेषणानं आला की गंगाजळानं?"

मी म्हटलं, "पोरी, खरं सांगू? मला माहीत नाही. माझा अर्थ साफ चुकला, आई नव्हतीच तिथं. पण ते वाक्य त्यांनी तीन महिन्यांत ज्या एका परक्या माणसापुढे उच्चारलं, ते मी होते. का, तर मी घाई न करता त्यांच्या उशाशी बसून राहिले. सरांच्या गोळीनं त्यांना झोप दिली, ती हवीच होती. पण गोळी ऐकत नाही. आमचे सिद्धांत तुम्ही खुशाल मोडीत काढा. तेवढं बसून राहणं मात्र ठेवा, आणि जोडीला शेजाऱ्याला विचारा, ते आम्हाला कुणी शिकवलं नाही."

हात वर करून मत घेतलं. माझ्या बाजूनं सात हात, त्यातला एक पंखा लावायला सांगत होता.

चहा पिताना विलास म्हणाला, "चल, आवाज आला, पेशंट बरा. फाइल बंद."

"आणि गिरजाबाई? पेटी अजून बांधलेलीच आहे. आवाज आल्यापासून म्हातारा तिच्याशी गंगाजळावरून भांडतोय फक्त. जे बोलायचंय ते बोललेलाच नाही."

"ते आपलं खातं नाही, सुलभा."

मी त्याच्यावर अशी चिडले की कप बशीसकट आपटला. मग कुणाचं आहे? दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकटीच आंजीच्या गाडीत बसले.

आंजी, बाजाराचा दिवस

दुकानासमोरच बाजार भरतो. वांग्यांचे ढीग, मिरच्यांची पोती, बांगड्यांच्या हातगाड्या, आणि मधोमध मुलाची जीप. पेटी मागे चढलेली. गिरजाबाई पुढच्या सीटवर, सरळ समोर बघत. मुलगा किल्ली हातात घेऊन घुटमळत होता. नामदेवराव दुकानाच्या पायरीवर एक तांब्या पुसत उभे, तो केव्हाच चकचकीत झाला होता.

मी सगळं शास्त्र गुंडाळून ठेवलं. आम्ही सल्ला द्यायचा नसतो. मी त्यांच्या जवळ जाऊन सरळ म्हटलं, "नामदेवराव, जा आणि बोला!"

"काय बोलू जी? तोंड उघडलं का भांडणच निंगते."

"मला सांगितलंत तेच."

त्यांनी तांब्या खाली ठेवला. जीपपाशी गेले, खिडकीत वाकले, आणि कुजबुजले. गेला की काय आवाज परत?

"हॅं?" गिरजाबाई म्हणाल्या.

ते जरा मोठ्यानं म्हणाले, "चुकलं माह्यं."

"हॅं?"

त्यांनी एकदा बाजाराकडे पाहिलं. सगळा बाजार त्यांच्याकडेच बघत होता. मान लाल झाली, छाती भरून आली, आणि तो पितळेच्या हंड्यासारखा पोटातला आवाज या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला. "चुकलं माह्यं! याच बाजारात तुले मर म्हटलं, चुकलं! तू मेली असती तं मी कोठी गेलो असतो? जाऊ नको, बुढे!"

वांगी तोलणाऱ्याचा हात तसाच राहिला. गिरजाबाईंनी नवऱ्याकडे पाहिलंच नाही. आधी बाजारावरून नजर फिरवली, सावकाश, ह्या ओळीपासून त्या ओळीपर्यंत. मग मुलाला म्हणाल्या, "पेटी उतरव."

त्या पदर सावरत खाली उतरल्या. गुरुजी पुढे झाले आणि त्यांच्या कानाशी मोठ्यानं ओरडले, "आइकू आलं ना वैनी?"

"हळू बोला गुरुजी," गिरजाबाई अगदी साध्या आवाजात म्हणाल्या. "मले तं तीन महिन्यांपासून रोज आइकू येऊन राह्यलं. बाजाराले आइकू येत नोतं."